भाजलेले शरीर आणि चरबी

केळीच्या पानाचा हा तुकडा निर्जंतुक केलेला आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांसाठी अशा पानांची पट्टी वापरली, कारण हे पान ओल्या जखमेला चिकटत नाही आणि पट्टी सोडवताना रुग्णाचा जीव कळवळत नाही. जखमेवर पान ठेवता येते. शरीराच्या आत जे पेटलेले असते, तिथवर मात्र कोणतीच पट्टी पोहोचत नाही.

शरीराचा ४० टक्क्यांहून अधिक भाग भाजला, तर अंथरुणावर निपचित पडलेल्या माणसालाही निरोगी माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागू शकते. अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके चढीच राहतात, स्नायू झिजत जातात, आणि हा भडका जखमा भरून आल्यानंतरही दोन-दोन वर्षे धुमसत राहू शकतो. या काळात चरबीही स्वस्थ नसते. एरवी ऊर्जा साठवणाऱ्या पांढऱ्या चरबीच्या पेशी तपकिरी चरबीसारख्या वागू लागतात, म्हणजे साठवण सोडून नुसती उष्णता निर्माण करतात. भाजलेल्या रुग्णांच्या चरबीत दिसलेला हा बदल संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला. चरबीतून सुटलेली मेदाम्ले रक्तावाटे यकृतात जाऊन साचतात. म्हणून अंगाने भरलेल्या रुग्णाकडे पाहून ‘याच्या अंगात शिल्लक आहे, हा तग धरेल’ असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा ते घाईचे ठरते, कारण झिजलेला स्नायू चरबीने भरून निघत नाही.

स्त्रीच्या शरीरात चरबीचे प्रमाण पुरुषापेक्षा मुळातच अधिक असते, तिची त्वचा पातळ असते, आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक काही प्रमाणात चरबीतही तयार होते. भाजलेल्या मुलींमध्ये चयापचयाचा भडका मुलांपेक्षा सौम्य असल्याचे आढळले आहे. प्रौढ वयात मात्र चित्र पालटते. तरुण आणि मध्यम वयाच्या स्त्रिया तितक्याच भाजलेल्या पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात दगावल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. केसपेपरवरची टक्केवारी सारखी असली, तरी इजा सारखी असेलच असे नाही.

मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ओटा, सिलिंडर आणि नेसलेल्या साडीचा पदर यांच्यात हातभराचेही अंतर नसते. भाजलेली बाई बरी होऊन परतते ती त्याच ओट्याशी, आणि कित्येक घरांत ती जेवते ती सगळ्यांची ताटे उचलल्यावर, पातेल्यात उरेल तेवढे. वॉर्डात नळीवाटे मोजून दिलेली प्रथिने इथे कोणी मोजत नाही. व्रण जाड होऊ नयेत म्हणून घालायचे दाबाचे घट्ट कपडे दिवसरात्र अंगावर असतात, खोलवर भाजलेल्या भागावर लावलेल्या नव्या कातडीला पुरेसा घाम येत नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तिची भूकच मरते. वजनकाटाही फसवतो: चरबी वाढून वजन पूर्ववत झालेले दिसते, पण भरलेली कळशी उचलताना हात थरथरतात.

माझ्या मते, घरी सोडताना औषधांची चिठ्ठी हातात देण्याआधी सासूबाई आणि नवरा या दोघांना समोर बसवून सांगायला हवे, की वजन उचलण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तसा रोज करवून घ्यायचा, आणि उकडलेली अंडी किंवा घट्ट डाळ आधी तिच्या ताटात वाढायची, मग पातेले इतरांकडे फिरवायचे.