पहिला सेकंद

"खोल श्वास घ्या... अजून, अजून... आणि सोडा! सोडा, सोडा, सोडा... थांबू नका..."

नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट. ही स्पायरोमेट्री. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि अख्ख्या फुंकरीत मिळून किती, एवढंच हे यंत्र मोजतं. धडधाकट फुप्फुस पहिल्याच सेकंदात पाऊण हिस्सा रिकामं होतं. श्वासनलिका आक्रसल्या की हे प्रमाण ७० टक्क्यांखाली येतं. आता ही रेषा बघा. शिखरावरून सरळ उतरायची, तर मध्येच तिनं झोल खाल्लाय.

या गृहस्थांना एचआयव्ही आहे. एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या औषधांची, गोळी चुकत नाही, रक्तात विषाणू सापडत नाही. दम मात्र लागतो.

एड्सची पहिली नोंदच फुप्फुसांच्या वाटेनं झाली होती. जून १९८१, लॉस एंजेलिस, पाच तरुण, न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया. पुढे औषधं आली, माणसं जगू लागली, आणि छातीकडचं लक्ष उडालं.

सूक्ष्मदर्शकाखालची ही टपोरी पेशी, मॅक्रोफेज. वायुकोशांची झाडलोट हिच्याकडे. धूळ, धूर, जंतू, येईल ते गिळायचं. एचआयव्ही हिच्यातही दडून बसतो. गोळ्या त्याची वाढ रोखतात, पण त्याला घराबाहेर काढत नाहीत. मग आत दाह धुमसत राहतो, आणि त्यात सुटणारी विकरं वायुकोशांच्या नाजूक भिंती कुरतडतात. सीटी स्कॅनवरची ही काळी भोकं म्हणजे विरलेल्या भिंती, एम्फिसीमा. सिगारेटचा वाटा मोठा आहेच. जुना क्षयही व्रण ठेवून जातो. पण धूम्रपान हिशेबातून वगळलं तरी एचआयव्हीचा स्वतंत्र धोका उरतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

सीडी-४ या संरक्षक पेशींची संख्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, नेमानं तपासले जातात. फुंकर मारायला क्वचितच कुणी सांगतं. यंत्र असतं छातीच्या विभागात, गोळ्या मिळतात दुसऱ्याच खिडकीवर.

हा इनहेलर. एचआयव्हीच्या गोळ्यांमध्ये रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल, तर यातलं फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड शरीरात साचतं. चेहरा सुजतो, साखर वाढते. बेक्लोमेथासोन हे दुसरं स्टेरॉइड त्या मानानं निर्धोक. म्हणून दम्याचा पंप लिहून घेताना आपल्या सगळ्या गोळ्या सांगायच्या, लाजेनं एखादी गाळायची नाही.

गेलेले वायुकोश परत येत नाहीत. आधी जिना सुटतो, मग काम, मग ऑक्सिजनची नळी.

चाचणीला तीन नीट फुंकरी लागतात. ही त्यांची दुसरी.