पदर डाव्या खांद्यावर

(दृश्य : ठाण्यातल्या तलावपाळीची सकाळ. मग टेबलावर एक पिवळट पडलेला छोटा फोटो.)

तीन इंच बाय चार इंच. मागे मासुंदा तलाव, कडेला कुठल्याशा दुकानाची अर्धी पाटी, आणि मधोमध आमची आजी. हा फोटो आत्याच्या ट्रंकेत पडून होता. ती म्हणाली, "मोठा करून दे. पण काचेची फ्रेम नको बाबा, तिच्यात नुसती ट्यूबलाइट दिसते."

म्हणून कॅनव्हास. तोही घरीच, चरईतल्या आमच्या ओट्यावर. कागदावरचा प्रिंट कॅनव्हासवर पालथा चिकटवायचा, मग कागद चोळून काढायचा; चित्र तेवढं कापडावर राहतं.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके. रुंदीला १८००, उंचीला २४००. ९ बाय १२च्या कॅनव्हासवर ते पसरले की इंचाला २०० उरतात. गुळगुळीत कागदावर हे जरा कमी वाटेल. कापडाला मात्र स्वतःची वीण असते, बारीकसारीक खोट ती पोटात घालते.

प्रिंट लेझरचाच हवा, साध्या कागदावर. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, उष्णतेनं कागदावर वितळवलेली. ती पाण्याला दाद देत नाही. घरच्या इंकजेटची शाई बहुधा पहिल्याच ओल्या बोटाला सुटते.

आणि प्रिंट उलटा काढायचा, आरशात दिसतो तसा. हे मला माहीत होतं. तरी पहिल्या खेपेला विसरलोच. आत्यानं लांबूनच पाहिलं. "आईचा पदर उजव्या खांद्यावर कधीपासून?" पाटीवरची अक्षरंही उलटी होती, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

(दृश्य : दुसरा कॅनव्हास. ब्रश, जेल मीडियमचा डबा.)

कॅनव्हास पांढराशुभ्र घ्यायचा, कारण प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही. आजीच्या केसांतली चांदी म्हणजे खरं तर खालचं कापड. त्यावर ॲक्रेलिक जेल मीडियमचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या चिकट लेपाचा, सगळीकडे सारखा थर, वर प्रिंट पालथा. मग जुनं एटीएम कार्ड घेऊन मधून कडेकडे हवा काढत न्यायची. बुडबुडा राहिला तर तिथे चित्र उतरत नाही.

एक रात्र वाळू द्यावं म्हणतात. आम्ही करत होतो जुलैत. सकाळी कोपरा दाबून पाहिला तर कागद सरकला. आणखी एक रात्र.

(दृश्य : ओला स्पंज, बोटं. पार्श्वसंगीत नको, घासण्याचाच आवाज.)

आता कागद भिजवायचा आणि बोटानं गोल गोल चोळायचा. अंगावरचा मळ निघावा तशा कागदाच्या वळकट्या सुटतात. आधी तलाव दिसतो, मग पदराचा काठ, मग हनुवटी. नखं लावायची नाहीत. वाटतं, झालं. वाळलं की चेहऱ्यावर परत पांढुरकं धुकं, कारण कागदाचे तंतू अजून चिकटलेलेच असतात. पुन्हा पाणी, पुन्हा बोट. आमचं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा खांद्याजवळ बोट जरा जास्त चाललं आणि काठ नखाएवढा पुसला गेला. चित्र एकदा निघालं की निघालं. वरून मीडियमचा पातळ हात दिला आणि गप्प बसलो.

(दृश्य : आत्याचं घर. कॅनव्हास तिच्या मांडीवर.)

आत्यानं आधी खांदा पाहिला. डावा. मग त्या पुसल्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे विरलीच होती रे ती साडी."