ओरखडा वेगळा, इजा वेगळी

मंडळी, आधी एक काम करा. ज्यांच्याकडे चांगलं, भारीतलं यांत्रिक घड्याळ आहे, पण डोंगरावर किंवा पाण्यात जाताना जे ते कपाटात ठेवून जातात, त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ अर्धं सभागृह! आता ज्यांनी हात वर केला नाही त्यांनी शेजाऱ्याकडे प्रेमानं बघा, रागावू नका. आजचं बोलणं शेजाऱ्यासाठी आहे.

विषयात ‘भारी घड्याळ रानावनात कसं जपावं’ असं छापलंय. ते ‘कसं’ मी सांगणार आहे, नक्की सांगणार आहे. पण त्याआधी ‘काय जपावं’ हे ठरवू या, कारण माझं भांडण तिथेच आहे.

महाग घड्याळ म्हणजे नाजूक, ही समजूत आपण उगाच बाळगून आहोत. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळलं ते पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत. खिशातून साखळी ओढायला एक हात मोकळा लागतो, आणि तिथे हात मोकळा नसायचा. पुढची गोष्ट तर आपल्या भूमीवरची. इंग्रजी अमलात इथले लष्करी अधिकारी पोलो खेळायचे आणि घड्याळांच्या काचा फुटायच्या. त्यावर उपाय म्हणून 1931 साली जेजर-लकूल्त्रचं ‘रिव्हर्सो’ आलं. त्याची डबी खाचेत सरकवून उलटी करायची, काच मनगटाकडे, पोलादी पाठ बाहेर. आज लोक ते सुटाखाली घालतात आणि पावसाचा थेंब पडला तरी बाही खाली ओढतात. घोड्यावर बसून मारामार खेळासाठी केलेलं घड्याळ आहे हो ते!

मर्सिडीज ग्लाइट्झ हे नाव माहीत आहे का? इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली ब्रिटिश स्त्री, ऑक्टोबर 1927. दुसऱ्या कुणीतरी खोटा दावा केला, त्यामुळे हिच्याही पराक्रमावर शंका घेतली गेली. ती त्याच महिन्यात पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी तिच्या गळ्यात रोलेक्सचं ‘ऑयस्टर’ होतं. हो, गळ्यात, रिबिनीला बांधून. दहा तासांहून जास्त वेळ ती त्या बर्फासारख्या पाण्यात होती. पैलतीर गाठता आला नाही, तिला वर ओढून घ्यावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. कंपनीनं पुढच्याच महिन्यात ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. मला त्या जाहिरातीपेक्षा ती बाई मोठी वाटते, पण तो विषय वेगळा.

आता माझ्या हातातलं घड्याळ. हे माझ्या काकांचं. त्यांनी ते कित्येक वर्षं वापरलं आणि माझ्या हातात ठेवताना एवढंच म्हणाले, “कपाटात ठेवायला देत नाहीये.” पुढच्याच हिवाळ्यात मी ते घालून एका कड्यावरून दोरानं उतरत होतो. निम्म्यावर पाय निसटला, झोका बसला आणि डावा हात कातळावर खरवडत गेला. हातमोजा फाटला. खाली आल्यावर पाहिलं, तर पाचच्या आकड्याजवळ जो कान असतो ना, पट्टा अडकवायचा, त्यावर तिरका ओरखडा. चांगला नख अडकेल इतका खोल. काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, अंगठा फिरवला आणि विचारलं, “चालतंय ना?” चालत होतं. सेकंदानंही मागेपुढे झालं नव्हतं. मग ते पाच मिनिटं त्या कड्याबद्दलच विचारत बसले.

पुढे काही वर्षांनी तेलपाण्यासाठी घड्याळ एका दुरुस्तीकेंद्रात दिलं. नाव सांगत नाही. घ्यायला गेलो तेव्हा मखमली कापडावर ठेवलेलं, आरशासारखं चकचकीत. “सर, एकदम नवं करून दिलंय!” मी आधी तो कान पाहिला. ओरखडा नव्हता. आणि कानही आधीचा नव्हता. वरची रेघारेघांची बाजू आणि कडेची चकचकीत बाजू जिथे भेटतात, तिथे सुरीसारखी धार असते. ती गेली होती, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी. घरी येऊन व्हर्नियरनं मोजलं. उजवा कान डाव्यापेक्षा बारीक भरला. पॉलिश म्हणजे काही लेप नव्हे, मंडळी. तो धातू खरवडून काढायचा प्रकार आहे, आणि गेलेला धातू परत येत नाही. मी विचारलं, मला न विचारता का केलंत? उत्तर आलं, “सर्व्हिसमध्ये ते धरलेलंच असतं.”

थांबा, पुढचं ऐका. तीनच आठवड्यांनी पावसात चालत असताना काचेच्या आत धुकं दिसलं. डायलवर, सहाच्या आकड्यापाशी, बारीक थेंब. मी त्यांनीच दिलेला कागद काढून पाहिला. पॉलिशपुढे खूण. पाण्याच्या दाबाची चाचणी, त्यापुढची जागा कोरी. दुसऱ्या कारागिराकडे उघडलं तेव्हा पाठीचं रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं कडं, चपटं होऊन कडक झालेलं निघालं, चिमटीत घेतलं तर तुकडे पडले. म्हणजे ज्याला काहीच झालं नव्हतं तो कान त्यांनी ‘बरा’ केला, आणि घड्याळाचा जीव ज्यावर होता ते गॅस्केट तसंच ठेवलं! हे आठवलं की मला आजही राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ओरखडा वेगळा, इजा वेगळी. ओरखडा डबीला पडतो, इजा यंत्राला होते. आपण पहिल्याला घाबरतो आणि दुसरीकडे बघतही नाही.

चंद्रावर गेलेलं ओमेगाचं ‘स्पीडमास्टर’ घ्या. नासानं 1965 साली त्याला मान्यता दिली. त्याची काच काच नव्हतीच, प्लास्टिक होतं. शर्टाच्या बटणानंही त्यावर रेघ उठते. पण ते फुटून कपच्या उडत नाहीत, आणि यानात तरंगणाऱ्या कपच्या म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. रेघा चालतील, कपच्या नकोत! उलट आज आपण ज्या सफायर काचेवर खूश असतो तिचा कठीणपणा मोह्सच्या मोजपट्टीवर 9. वाळूतलं क्वार्ट्झ 7, त्यामुळे वाळूनं तिला काही होत नाही. पण कडेवर नेमका टोला बसला की टवका उडतो, आणि काचेचा चुरा आत काट्यांखाली, चक्रांत जातो. म्हणजे ज्या काचेवर चरा उठत नाही ती...

हो, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं? बरं. मग छापलेला विषय घेतो, भराभर घेतो.

धक्का. आत घड्याळाची लय धरणारं जे बॅलन्स चक्र असतं, त्याच्या आसाची टोकं केसाइतकी बारीक. 1934 साली ‘इन्काब्लॉक’ आलं: टोकाला आधार देणारं माणिक वीणेच्या आकाराच्या इवल्या स्प्रिंगवर बसवलेलं, धक्का बसला की माणिक सरकतं आणि आसाचा जाड भाग मार झेलतो. ‘शॉक-रेझिस्टंट’ या शब्दामागे आयएसओ 1413 ही चाचणी आहे. एक मीटरवरून कठीण लाकडी फळीवर पडणं, साधारण तेवढा मार. म्हणजे पडलात, आपटलात, तर बहुधा निभावतं. पण खडकाळ उतारावर तासन्‌तास सायकल, हातोडा, ड्रिल, लाकूड फोडणं, ही एकावर एक बसणारी कंपनं. तिथे काढून ठेवा, किंवा क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ घाला. कॅसिओच्या किकुओ इबे यांच्या हातून वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं आणि त्यातून 1983 साली जी-शॉक आलं. त्या घड्याळाबद्दल मला मनापासून आदर आहे. हातोडा चालवायचा तर तेच.

पाणी. डबीवर लिहिलेले मीटर नव्या गॅस्केटचे असतात. रबर म्हातारं होतं. पोहणाऱ्यांनी वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्यावी, आणि डबी उघडली की दरवेळी. पाण्यात उतरण्यापूर्वी चावी, म्हणजे वेळ लावायची कडेची चकती, पूर्ण आत आहे ना, आट्यांची असेल तर फिरवून बसवली आहे ना, बोटानं तपासा. आणि पाण्याखाली तिला हात लावू नका. समुद्रातून आलात की गोड्या पाण्यानं धुवा. गरम वाफेच्या खोलीत नेऊ नका.

कातळाच्या भेगेत हात रुतवून चढायचं असेल तर घड्याळ मनगटावर नकोच. इथे घड्याळाचा प्रश्न नाही, हाताचा आहे. ते अडकलं तर मनगट अडकतं. हार्नेसला, म्हणजे दोर अडकवायच्या कमरपट्ट्याला लावा.

चुंबक. दातात धरायचा टॉर्च, फोनचं कव्हर, बॅगेची चुंबकी बटणं. घड्याळ अचानक दिवसाला मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी हाच संशय घ्या. चुंबकत्व काढणं मिनिटाचं काम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी राहिलं. घड्याळ हरवतं ते बहुतेक पट्ट्याच्या पिनेमुळे. दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची नळी, आत स्प्रिंग, दोन टोकांना दोन बोंडं. एक बोंड झिजलं की अख्खं घड्याळ दरीत. म्हणून नाटो पट्टा वापरा: एकच अखंड पट्टी दोन्ही पिनांखालून जाते, एक पिन सुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. पिना दर दोन वर्षांनी बदला. वाकलेली पिन सरळ करून परत घालू नका.

वेळ संपली. मी माझ्या घड्याळातून काढलेल्या चार जुन्या पिना आणल्या आहेत, त्यातल्या एकीचं बोंड निम्मं झिजलेलं आहे. भिंगही आहे. पुढे या, बघा, आणि जमलं तर तुमचा पट्टाही इथेच काढून तपासू.