160 अक्षरांच्या सवयी

मोबाइलवरच्या निरोपांनी भाषा बिघडवली, ही तक्रार जुनी आहे. भाषेकडे नंतर वळू. आधी हा निरोप जातो कसा ते पाहू, कारण आपल्या बऱ्याच सवयी तिथूनच आल्या आहेत.

1985 मध्ये दूरसंचार क्षेत्रातले जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी बॉनमध्ये टाइपरायटरवर साधी वाक्यं लिहून अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं 160 च्या आत बसली. कॉल जोडण्यासाठी नेटवर्कमध्ये जी संकेतांची वाहिनी असते, तिच्या मोकळ्या जागेतून एसएमएस पाठवायचा होता. एका एसएमएसला जागा 140 बाइट, म्हणजे 1120 बिट. रोमन अक्षराला 7 बिट पुरतात, म्हणून 160. देवनागरीत साधारणपणे दर चिन्हाला 16 बिट लागतात, म्हणून 70. हे 70 आपल्या शाळेतल्या मोजणीचे नव्हेत. ‘प्रश्न’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरं दिसतात. फोन मात्र प, हलन्त, र, श, हलन्त, न अशी सहा चिन्हं मोजतो! मजकूर 70 च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, आणि जोडणीच्या खुणांना प्रत्येकी 6 बाइट लागत असल्यामुळे दर तुकड्यात 67 चिन्हंच मावतात. रोमन मजकुरात एकच इमोजी टाकला तरी सगळा निरोप 16 बिटांवर जातो.

जुन्या कीपॅडवर ‘एस’साठी 7 ची कळ चार वेळा दाबावी लागे. तेव्हा शब्द तोडणं हा आळस नव्हता, तो हिशेब होता. मराठी रोमन लिपीत लिहिण्यामागेही हाच हिशेब होता. शिवाय समोरच्या फोनवर देवनागरी उमटेल याची खात्री नसे. पुढे कीपॅड गेले, 160 चं बंधन सैल झालं, पण तुटक लिहिण्याची रीत राहिली. ती आता काटकसर उरली नाही, सलगीची खूण झाली.

खरा बदल शब्दांपेक्षा संभाषणाच्या पाळीत झाला, असं मला वाटतं. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो; दहा भाषांवरच्या तुलनेत हे दिसलं आहे. त्यामुळे थोडासा थांबासुद्धा आपल्याला ‘आढेवेढे’ वाटतो. हाच कान आपण निरोपांना लावतो आणि फसतो. एसएमएस आधी मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्रात साठतो, फोन आवाक्यात आला की पुढे जातो. तो किती काळ साठवायचा ही मुदत 5 मिनिटांपासून 63 आठवड्यांपर्यंत ठेवता येते. दोन निरोप उलट्या क्रमानेही पोचू शकतात. म्हणजे शांतता बहुधा यंत्राची किंवा कामाची असते, पण वाचणारा तिच्यात राग वाचतो. ‘वाचलं’ दाखवणाऱ्या निळ्या खुणांनी हे सुटलं नाही, उलट चिघळलं. पूर्वी ‘मिळालं नसेल’ ही एक सभ्य पळवाट होती, तीही गेली.

पूर्णविरामाचंही तसंच. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या एका प्रयोगात पूर्णविराम दिलेली एका शब्दाची उत्तरं वाचणाऱ्यांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना हा फरक दिसला नाही. निरोप पाठवला की तो संपल्याचं कळतंच, मग वेगळा टिंब कशाला? म्हणून ‘ठीक.’ हे ‘ठीक’पेक्षा थंड लागतं. ही लेखनाची घसरण नव्हे. चिन्हाला नवं काम मिळालं आहे.

कामाचे निरोप लिहिताना मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. उत्तर हवं असेल तर प्रश्न पहिल्याच ओळीत टाकावा; सूचनापट्टीत तेवढंच दिसतं आणि बरेच जण तेवढंच वाचतात. आणि ‘उद्या 5 ला’ असं लिहू नये. रात्री 11 ला पाठवलेला निरोप बंद फोनवर सकाळी उघडला, तर ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकलेला असतो. तारीख लिहावी, आणि सकाळ की संध्याकाळ तेही.