ठिपक्यांचं विमान

[आवाज: हातोडीची बारीक ठकठक. मग दुरून विमानाची घरघर.]

धुळ्याच्या माणसाला विमानाचं नवल नाही. गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं कित्येक वर्षांपासून चढतात, उतरतात. कपाशीत निंदणी करणाऱ्या बाया नुसत्या आवाजावरून सांगतात, आता वळेल, आता उतरेल.

जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. आग्रा रोडपासून चार पावलांवर अशाच एका नंबरच्या गल्लीत हे दुकान आहे. बाहेरच्या ओट्यावर आप्पा बसतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. भांड्यांवर नावं टाकण्यात त्यांचा जन्म गेला. लग्नसराईत त्यांच्यापुढे पितळी हंड्यांची आणि स्टीलच्या डब्यांची रास लागायची. ‘मामांकडून सप्रेम भेट’ हे तीन शब्द त्यांनी किती वेळा ठोकले असतील, देव जाणे. छोटी हातोडी, टोकदार पंच आणि ठिपक्याला लागून ठिपका. नीट पाहिलंत तर घरातल्या जुन्या भांड्यावरचं नाव म्हणजे सलग रेघ नसते. ती ठिपक्यांची रांग असते.

आतल्या खोलीत त्यांचा मुलगा लेझरवर विमानं कोरतो.

[दृश्य: पितळी पत्र्यावर नाचणारा प्रकाशाचा ठिपका.]

हे फायबर लेझर मशीन आहे, 20 वॅटचं. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. पत्र्यावर दिसते ती तापलेल्या धातूची ठिणगी. किरण पितळेवरून उलटला तर डोळ्याचा पडदा जाळू शकतो, म्हणून याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लावावा लागतो. साधा गॉगल इथे कामाचा नाही. आम्हीही चष्मे लावूनच आत गेलो. मशीनच्या डोक्यात दोन चिमुकले आरसे थरथरत असतात. किरण डावीउजवीकडे आणि वरखाली फिरवतात ते हेच आरसे. मशीनचं डोकं मात्र जागचं हलत नाही.

स्टीलवर हाच किरण हळू आणि जरा फोकसच्या बाहेर फिरवला, तर धातू उडत नाही, फक्त तापतो. वर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि काळीभोर रेघ उमटते. बोट फिरवलं तरी हाताला काही लागत नाही. खोल कोरायचं असेल तर तीच रेघ पुन्हा पुन्हा, दर वेळी कोन बदलून.

लाकडासाठी दुसरं मशीन आहे, कार्बन डायऑक्साइड लेझरचं. त्याची तरंगलांबी जवळजवळ दहापट. उघडा धातू हा किरण परतवून लावतो, लाकूड मात्र तो पिऊन घेतं. या लेझरचा शोध 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी लावला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. आज गल्लोगल्ली ज्या मशीनवर लग्नपत्रिका आणि पाट्या कापल्या जातात, तिचं मूळ आपल्या मातीतल्या माणसाच्या डोक्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ते मोठ्याने सांगावंसं वाटतं.

या मशीनची काचेची नळी पाण्याने गार ठेवावी लागते. खानदेशातला मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. पारा चव्वेचाळीसवर गेला की पाणी गार करणारा चिलर धापा टाकतो. म्हणून उन्हाळ्यात लाकडाचं काम पहाटे चारला सुरू होतं आणि नऊला बंद.

[दृश्य: सागाची फळी. तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावणारे हात.]

ही पट्टी धुराचे डाग पडू नयेत म्हणून. सागाच्या फळीत नरम आणि टणक पट्टे आलटून पालटून असतात. नरम पट्टा खोल जळतो, टणक पट्टा वर राहतो. त्यामुळे नवख्याचं विमान पट्टेरी दिसतं. हा मुलगा फळी अशी धरतो, की लाकडाच्या रेषा विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे जातील. मग तेच पट्टे वाऱ्यासारखे दिसतात. विमान फळीवर ठेवलेलं वाटत नाही, तिच्यातून चाललेलं वाटतं.

26 सप्टेंबर 2025 ला हवाई दलाच्या मिग-21 या लढाऊ विमानाला चंदीगडमध्ये निरोप दिला गेला. 1963 पासूनची सेवा संपली. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक गृहस्थ दुकानात आले. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे साक्री तालुक्यातले. त्यांना सागावर मिग-21 बिस हवं होतं. मुलाने इंटरनेटवरून चित्र घेतलं, रेषा साफ केल्या, रात्र जागून फळी तयार केली. गृहस्थांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, “भाऊ, हे बिस नाही. हे एफएल आहे. पाठ बघा.”

बिस आणि एफएल ही मिग-21 चीच दोन रूपं. एफएलची पाठ सडपातळ असते. बिसची पाठ कॉकपिटच्या मागून फुगत जाते, कारण त्या फुगवट्यात इंधन असतं. ओझरला दोन्ही बनली. ज्याने ती पाठ हाताने जोडली, त्याला फरक सांगावा लागत नाही. त्यांनी तिथेच बसून कागदावर ती पाठ काढून दिली. म्हातारा हात जरा कापत होता, पण रेषा चुकली नाही. फळी दुसरी घेतली, विमान पुन्हा कोरलं. तेव्हापासून हा मुलगा कोणतंही विमान घेताना समोरून, बाजूने आणि वरून अशी तिन्ही चित्रं जुळवून बघतो. मगच मशीनला हात लावतो.

सध्या पत्र्यावर काम चाललंय ते सेस्ना 172 चं. गोंदूरच्या आकाशात दिसणाऱ्यांपैकीच एक विमान. पंख अंगाच्या वर आणि त्यांना खालून तिरके टेकू. अंगावर रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या रांगा, बारीक डोकी वर आलेली. लेझरने त्या रांगा अचूक उमटल्या, पण मुलगा नाराज होता. लेझर धातू उडवतो, त्यामुळे रिव्हेटच्या जागी खड्डेच पडले. वर आलेली डोकी आणायची कशी?

आप्पांनी पत्रा डोळ्यांजवळ धरला. “हाई ते मन्हंच काम शे,” म्हणाले.

मग असं ठरलं. कोऱ्या पत्र्याच्या मागच्या बाजूला लेझरने ठिपक्यांच्या अगदी फिक्या खुणा करायच्या, आरशातल्यासारख्या उलट्या. चित्राची बाकी रेष पुढच्या बाजूने.

[दृश्य: ओट्यावर आप्पा. लाकडी ठोकळ्यावर पालथा घातलेला पत्रा. ठक. ठक. ठक.]

एका पंखावर एकशे बारा ठिपके. आप्पा मोजत नाहीत, मुलगा मोजतो. मध्येच वरून एक विमान जातं. आप्पा मान वर करत नाहीत. शेवटचा ठोका पडतो, ते पत्रा उलटा करतात, फडक्याने पुसतात आणि उन्हात धरतात.

[दृश्य: पत्रा जवळून. उन्हात चमकणारी रिव्हेटची रांग. ठकठक थांबलेली.]