काळ्याच्या आतला रंग

फोंड्याजवळच्या या घराच्या पडवीत आषाढाची ओल मुरली आहे आणि आंगणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर नेचे उगवून आले आहेत. त्यांतलेच एक पान वर्तमानपत्रात दाबून सपाट केल्यावर या घरातल्या मुलीने ते आपल्या काळ्या सुती टी-शर्टवर ठेवले आहे. टी-शर्टच्या आत पुठ्ठा सरकवला आहे, नाहीतर ब्लीच पाठीपर्यंत झिरपते. हातांत रबरी मोजे घालून, एक भाग ब्लीच आणि दोन भाग पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली ती हातभर अंतरावरून दोनदाच दाबते.

सुरुवातीला काहीच घडत नाही. मग थेंबांच्या कडा तपकिरी होतात, तपकिरीचा तांबूस होतो आणि पानाभोवती ओल्या चिऱ्याचा रंग उमटतो. हा रंग ब्लीचने दिलेला नाही, तो कापडातच होता. काळा रंग बहुधा अनेक रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट त्या रेणूंची रंग दाखवणारी रचना ऑक्सिडीकरणाने मोडते आणि त्यांतले जे द्रव्य चिवट असते ते मागे राहते. त्यामुळेच एक काळा टी-शर्ट केशरी होतो, तर दुसरा राखाडी, आणि म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पाहावाच. पॉलिएस्टरचा रंग सहसा हलत नाही. रेशीम आणि लोकर यांना मात्र ब्लीच कधीही लावू नये, कारण ते त्यांचा धागाच विरघळवते.

क्लोरीनने कापड पांढरे होते हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोद बेर्तोले यांनी १७८५ च्या सुमारास दाखवून दिले. त्यापूर्वी युरोपात कापड कित्येक आठवडे कुरणांवर उन्हात पसरून ठेवावे लागे.

या कामातले खरे कसब रंग काढण्यात नाही, वेळेवर थांबण्यात आहे. हवा तो रंग दिसण्याच्या थोडे आधीच टी-शर्ट थंड पाण्यात बुडवावा लागतो, कारण ओल्या कापडात ब्लीच आपले काम चालूच ठेवते आणि गोव्याच्या पावसाळ्यात कापड लवकर वाळत नाही. ब्लीचचा जोर मोडण्यासाठी स्वयंपाकघरातले माडाच्या सुरेचे व्हिनेगर ओतावे असे कोणाच्याही मनात येईल, पण ते कदापि करू नये: आम्लाशी संयोग होताच ब्लीचमधून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. भरपूर पाण्यात खळबळल्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाणी मिसळून त्यात कापड बुडवले, की उरलेले ब्लीच निष्प्रभ होते. हे सारे उघड्या पडवीत चालले आहे, तेही याच वायूच्या धास्तीने.

आता ती पान उचलते. त्याखाली देठापासून टोकापर्यंत एकेक पाते काळेच्या काळे राहिले आहे. खांद्यावरचे आणि बाह्यांवरचे टाकेही तसेच आहेत, कारण टी-शर्ट सुती असला तरी तो शिवलेला दोरा पॉलिएस्टरचा आहे.