पाण्याशिवाय हात धुणाऱ्या पोरी

व्हिएन्ना, १९५४. डॉक्टर आंद्रेआस रेट यांची वेटिंग रूम. दोन आया बसल्यात, दोघींच्या मांडीवर एकेक पोरगी, आणि दोन्ही पोरींचे हात सारखे एकमेकांवर घासले जातायत, साबण लावून धुवावेत ना तसे. साबण नाही, पाणी नाही, पण थांबतच नाहीत. डॉक्टरनी जुन्या पेशंटच्या फाइली उघडल्या तर अशाच आणखी पोरी निघाल्या.

या आजाराला आता त्यांच्याच नावाने रेट सिंड्रोम म्हणतात. म्हणजे होतं काय, की मूल आधी नीट वाढत असतं, सहा महिने, कधी वर्षभर, कधी दीड वर्ष, बसतं, घास उचलून तोंडात घालतं, दोनचार शब्द बोलतं आणि मग एकेक करून ते जायला लागतं. उशिरा शिकणं वेगळं आणि शिकलेलं जाणं वेगळं, पण घरात हे पटकन कुणी मानत नाही, दात येत असतील म्हणतात, आपल्याकडे तर आधी नजर काढतात. आईला मात्र पक्कं माहीत असतं, परवापर्यंत ही चमचा धरत होती.

रेटनी १९६६ला हे छापलं. जर्मनमध्ये. फार कुणी वाचलंच नाही! १९८३ला स्वीडनचे हॅगबर्ग आणि सोबतच्यांनी फ्रान्स, पोर्तुगाल, स्वीडनमधल्या ३५ मुलींवर इंग्रजीत लिहिलं तेव्हा कुठे जगाला कळलं. मधली सतरा वर्षं किती आया नुसत्या दवाखाने पालथे घालत असतील.

१९९९ला ह्यूस्टनमध्ये हुदा झोगबींच्या लॅबला कारण सापडलं, एक्स क्रोमोसोमवरच्या एमईसीपी२ या जीनमधला बिघाड. साधारण दहा हजार मुलींत एकीला होतो, आणि बहुतेक वेळा तो आईबापाकडून आलेलाच नसतो, त्यामुळे 'कुणाच्या घराण्यातून आलं' ही भांडणं कृपया बंद करा.

आणखी एक, यात मेंदूतल्या पेशी मरत नाहीत. २००७ला एडिंबराच्या एड्रियन बर्ड यांच्या टीमने उंदरांमध्ये बंद ठेवलेला हाच जीन परत चालू केला तर आजारी उंदीर बरेचसे सुधारले. उंदीर हां, माणसं नाहीत. अमेरिकेत २०२३ला ट्रोफिनेटाइड नावाच्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली, थोडा फरक पडतो, आजार जात नाही.

आता ही स्क्रीन बघा. दोन चित्रं, दूध आणि पाणी, खाली नजर कुठे थांबते ते टिपणारा कॅमेरा, म्हणजे बोलता आलं नाही तरी डोळ्यांनी सांगता येतं. समोरच्या पोरीचे हात चालूच आहेत. ती दुधाकडे बघते, मग पाण्याकडे, आणि तिथेच थांबते. आई ग्लास आणायला उठते.